हलकी कामं कुठं मिळतात?

मी हाडांचा डॉक्टर. धाराशिव जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत माझी सगळी नोकरी झाली. मोडलेली हाडं जुळवणं हे माझं काम, आणि ते मी बऱ्यापैकी केलं असं लोक म्हणतात. पण या दिवाळीला संपादकांनी 'कामाबद्दल काहीतरी लिहा' म्हटलं तेव्हा मला ऑपरेशन थिएटर आठवलं नाही. आठवलं ते कोपऱ्यातलं टेबल. दर बुधवारी तिथं बसून मी माणसांचे टक्के लिहायचो.

टक्के म्हणजे काय ते आधी सांगतो. ज्याच्या घरात असा प्रसंग आला नाही, त्याला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. कामावर असताना कामगाराला अपघात झाला, हात-पाय कायमचा अधू झाला, पण माणूस पुरता निकामी झाला नाही, तर कायद्याच्या भाषेत ते 'कायमचं अंशतः अपंगत्व'. मालकानं, किंवा त्यानं विमा उतरवला असेल तर विमा कंपनीनं, त्याची भरपाई द्यायची. किती, ते कामगाराचा पगार, वय आणि हे टक्के यांवरून ठरतं. इंग्रजांच्या काळातल्या या कायद्याला एक यादी जोडलेली आहे. अंगठा गेला तर तीस टक्के. त्याच्या शेजारचं बोट मुळापासून गेलं तर चौदा. करंगळीचे सात. दुखापत यादीत बसत नसेल, म्हणजे बोटं सगळी जागेवर आहेत पण सांधा धरलाय किंवा हाड भलतंच जुळलंय, तर कायदा डॉक्टरला विचारतो, या माणसाची कमावण्याची ताकद किती घटली?

कमावण्याची ताकद. हे शब्द माझ्यासमोर पहिल्या दिवसापासून होते. मी बारा वर्षं ते वाचलेच नाहीत. मी हाड मोजत राहिलो.

उत्तरेश्वर हा कळंबच्या एका डाळ मिलमधला हमाल. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं सडपातळ, पण पाठ दगडासारखी. पोत्यांची थप्पी कोसळली आणि त्याचा उजवा खांदा खाली सापडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. मी कोनमापक लावला, आकडे घेतले, सांधा किती हलतो त्यावरून टक्के देणाऱ्या डॉक्टरी तक्त्यात पाहिलं आणि लिहिलं, अठरा टक्के. सर्टिफिकेटवर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. बाहेरच्या कारकुनानं त्यात 'मजुरी' लिहून ठेवलं होतं. तो सगळ्यांनाच 'मजुरी' लिहायचा. विहिरीवर सुरुंग लावणारा असो, उसाच्या गाडीवर मोळ्या रचणारा असो, शटरिंगचा कारागीर असो, मजुरी.

"अठरा म्हंजे किती, साहेब?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"शंभरातले अठरा."

"मग ब्याऐंशी अजून माझ्याकडंच हायेत म्हना की," असं म्हणून तो हसला. मीही हसलो. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

साक्षीला मला कोर्टात बोलावलं. अशा अर्जांवर निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना आयुक्त म्हणतात. माझी साक्ष चार मिनिटांत उरकली. विमा कंपनीच्या वकिलानं तीनच प्रश्न विचारले. सही तुमचीच का? हो. टक्के शास्त्रीय पद्धतीनं काढले का? हो. मग तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे अर्जदार इतर हलकी कामं करू शकतो?"

"हो," मी म्हणालो.

त्या एका 'हो'नं उत्तरेश्वरचं वाटोळं झालं. पोतं पाठीवर घ्यायचं तर एक हात डोक्यामागं जावा लागतो. तो जात नसेल तर हमाल अठरा टक्के अधू होत नाही, त्याची हमालीच संपते. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मार्केट यार्डात पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. मी उभा राहिलो नव्हतो. आणि हलकी कामं? पन्नाशीकडं झुकलेल्या, सहीपुरतं लिहिता येणाऱ्या माणसाला कळंबमध्ये कोणतं हलकं काम ठेवलेलं असतं? बँकेत खुर्ची? भरपाई अठरा टक्क्यांच्या हिशेबानं बसली. त्यात खांद्याच्या उपचाराची उसनवारीही फिटली नाही.

दोनेक वर्षांनी तो मला कळंबच्या एसटी स्टँडमागच्या मोकळ्या जागेत भेटला. दुसऱ्याच्या शेळ्या राखत होता. स्वतः होऊन पुढं आला, राम राम घातला.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"चाललंय की. मंडळी खुरपायला जाती, पोरगं पुन्याला कंपनीत लागलं. म्या ह्या शेरडांमागं." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून तोच मला समजावू लागला, "तुमचा काय दोस न्हाय साहेब. तुमी खरं ते लिवलं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लिहिलं होतं ते खोटं नव्हतंच. खांद्यापुरतं ते अगदी बरोबर होतं. पण मला विचारलं होतं माणसाबद्दल आणि मी उत्तर दिलं होतं खांद्याबद्दल. त्या दिवशी घरी येऊन मी कायद्याचं पुस्तक काढलं आणि ते कलम बोट ठेवून वाचलं.

तेव्हापासून बुधवारी येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न आधी विचारू लागलो. नेमकं काय काम करता? हातानं करून दाखवा. लोक आधी लाजायचे. मग एकेक जण रिकाम्या हवेत करून दाखवायचा. गवंडी थापी मारून दाखवायचा, ड्रायव्हर गिअर टाकून. माझ्या त्या खोलीत माणसं न दिसणाऱ्या वस्तू उचलत असायची. कारकून दारातून बघून हसायचा.

सगळ्यांनाच टक्के जास्त हवे असतात, असा एक समज आहे. डॉक्टरांचाही आहे. तो किती खोटा आहे, हे मला अणदूरकडच्या एका बापानं शिकवलं. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी फरसाणाच्या कारखान्यात कामाला होती. मशिनमध्ये तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. बाप मुलीला बाहेर बसवून एकटाच आत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, कागदावर काय लिवूच नका. कागद झाला की गावात व्हतंय. उद्या पाव्हनं बघाया येतेत." मी परोपरीनं सांगितलं, हा तिचा हक्क आहे. तो ऐकून घेत होता आणि मान हलवत होता. शेवटी मी मुलीलाच आत बोलावून विचारलं. ती बापाकडं बघत राहिली, मग ओढणीखालचा हात आणखी आत घेत म्हणाली, "न्हाय पायजे." दोघं निघून गेले. कारखानदाराला काही द्यावं लागलं नाही. त्याचं मशिन दुसऱ्या दिवशीही चालू होतं, एवढं मला माहीत आहे, कारण पुढच्या पावसाळ्यात तिथलीच दुसरी बाई माझ्याकडं आली. बोटं कापणाऱ्याची अब्रू शाबूत आणि बोटं गेलेलीनं हात लपवायचा, हा कुठला न्याय?

पण ज्या केसनं माझी खरी परीक्षा घेतली ती कालिंदाबाईंची.

भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातल्या ईट गावाच्या बाजूला एका खेड्यात एक खवा केंद्र होतं. आजूबाजूच्या वाड्यांचं दूध तिथं यायचं, मोठमोठ्या कढयांत आटायचं. कालिंदाबाई तिथं चौदा वर्षं कामाला. चाळिशीतल्या, नवरा वारलेला, घरात सासू आणि शाळेत जाणारी एक मुलगी. केंद्रात दूध ढवळायला मोटरवर चालणारं यंत्र आलं होतं. त्याच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी दुरुस्तीसाठी काढली आणि परत बसवलीच नाही. बांगडी पट्ट्यात अडकली आणि उजवा हात कोपरापर्यंत ओढला गेला. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. आमच्याकडं येईपर्यंत दुसरीकडं दोन ऑपरेशनं झाली होती, आणि ती दोन हाडं जुळताना एकमेकांनाच चिकटली होती.

बाहेरून बघणाऱ्याला त्या हातात काही वावगं दिसत नसे. मूठ वळते, कोपर वाकतं, बोटं हलतात. फक्त तळहात उलटा-सुलटा होत नाही. कुलपात किल्ली फिरवायला जी हालचाल लागते, ती नाही. तक्त्याप्रमाणं ते वीस टक्क्यांच्या आत बसत होतं.

"काय काम करता, कालिंदाबाई?"

"मजुरी."

"कसली मजुरी?"

"खवा घोटते."

"दाखवा बरं कसा घोटता ते."

त्या उभ्या राहिल्या. पाय फाकवून, कंबर जरा वाकवून त्यांनी हवेत उलथणं धरलं. डावा हात सरळ गेला. उजवा हात निघाला आणि मधेच थांबला. त्यांनी सगळं अंग वळवून पाहिलं, खांदा उचलून पाहिला. तळहात काही वळेना.

"यंत्र ढवळतंच की," मी मुद्दाम म्हणालो.

"यंत्र दूध ढवळतंय साहेब. खवा न्हाय. घट व्हाया लागला की यंत्र बंद करायचं आन् मान्सानं उतरायचं. पलटी मारत ऱ्हावं लागतंय, ह्या अंगानं आन् त्या अंगानं. दोन पलट्या चुकल्या की बुडाला लागला. करपला की मालक कढई आपल्या नावावर टाकतो." मग जराशा अभिमानानं म्हणाल्या, "माझी कढई चौदा वर्सांत दोनदाच लागली."

मला ऐकून पटलं होतं, पण मागच्या वेळेचा 'हो' विसरलो नव्हतो. एका रविवारी मी स्वतःच गाडी काढून त्या केंद्रावर गेलो. मालकाला माझं येणं आवडलं नाही, पण दारात आलेल्या माणसाला चहा द्यायची रीत त्यानं मोडली नाही. एका कढईवर एक बाई होती. तिला म्हणालो, मला जरा करून बघू द्या. तिनं पदरानं तोंड दाबून हसत उलथणं माझ्या हातात दिलं. पंधरा मिनिटांत माझं मनगट भरून आलं आणि कढईला करपट वास सुटला. तिनं मला जवळजवळ ढकलूनच बाजूला केलं. त्या बायका असं दिवसाला आठ आठ तास करतात, आणि आमच्या रकान्यात त्याचं नाव 'मजुरी'.

मी सर्टिफिकेटवर दोन ओळी लिहिल्या. शरीराचं अपंगत्व इतकं. आणि खाली, या कामाच्या बाबतीत कमावण्याची ताकद साठ टक्के घटलेली आहे, कारण अमुक. माझा वरिष्ठ म्हणाला, "अहो, फॉर्ममध्ये असा रकानाच नाही." मी म्हणालो, "कायद्यात आहे." तो म्हणाला, "उगाच कोर्टाच्या फेऱ्या ओढवून घेताय." त्याचं म्हणणं खरं ठरलं.

साक्षीला मी पाच वेळा धाराशिवच्या कोर्टात गेलो. चार वेळा विमा कंपनीच्या वकिलानं तारीख वाढवून घेतली. कालिंदाबाई प्रत्येक तारखेला दोन एसटी बदलून यायच्या, दिवसाची हजेरी बुडवून. हो, त्या कामाला जात होत्या. मालकानं त्यांना दुधाचे कॅन धुवायला ठेवलं होतं, निम्म्याहून कमी पगारात. त्याच्या लेखी हे उपकार होते. आणि हेच उपकार विमा कंपनीनं कोर्टात पुरावा म्हणून मांडले.

पाचव्या खेपेला उलटतपासणी झाली. वकील वयस्क, हुशार, आवाज गोड.

"डॉक्टर, तुम्ही हाडांचे तज्ज्ञ. खव्याचे नाही ना?"

मागं कुणीतरी हसलं.

"नाही."

"मग हे साठ टक्के कुठून आणले?"

"मी केंद्रावर जाऊन काम पाहिलं. करूनही पाहिलं."

"अच्छा! म्हणजे अर्जदारासाठी पुरावा गोळा करायला गेलात. गाडीचा खर्च कुणी केला? तिथं खाल्लं-प्यायलं काय?"

"गाडी माझी. चहा घेतला. मालकानं दिला, म्हणजे तुमच्याच बाजूनं."

न्यायाधीश पहिल्यांदाच मान वर करून हसले. वकील हसला नाही. त्यानं फाईलमधून एक फोटो काढला. कालिंदाबाई डोक्यावर घागर घेऊन नळावरून चालल्यात. कंपनीनं कुणाला तरी गावात पाठवून, मोबाईलवर, त्यांच्या नकळत तो काढला होता. मला संताप आवरेना. जाळी न बसवणाऱ्याच्या मागं कुणी मोबाईल घेऊन फिरलं नाही. फिरलं ते एका विधवा बाईच्या मागं, ती पाण्याला जाते का हे पाहायला.

"इतकं वजन उचलते. ही साठ टक्के अधू?"

मी न्यायाधीशांची परवानगी घेऊन फोटो हातात घेतला. "घागर डोक्यावर आहे, आणि ती डाव्या हातानं धरली आहे. उजवा हात बघा, मांडीशी सरळ लोंबतोय. बाया सहसा उजव्यानं धरतात. हा फोटो त्यांच्याच बाजूचा आहे."

तेवढ्यात मागून कालिंदाबाईंचा आवाज आला. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "मग पानी कोन आनून देनार हाय, वकीलसाहेब? म्हातारी तानेली बसवू का?"

शिपाई "गप बसा बाई" म्हणाला. न्यायाधीशांनी त्याला हातानं थांबवलं. त्यांनी कालिंदाबाईंना पुढं बोलावलं, समोरचं पाण्याचं भांडं दाखवलं आणि उजव्या हातानं पेल्यात पाणी ओतायला सांगितलं. त्यांनी भांडं उचललं. उचललं व्यवस्थित. पण ओतायला हात वळेना. त्या कोपर वर करत गेल्या, पार कानाच्या वर, तेव्हा कुठं धार पडली, आणि पडली ती टेबलावर. वकिलाचे कागद भिजले. कालिंदाबाई ओशाळून पदरानं ते पुसायला लागल्या, तेही डाव्या हातानं.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. साठ टक्के मान्य झाले. त्या निकालात एक वाक्य असं होतं की, अर्जदार चौदा वर्षांच्या अनुभवाची कुशल कामगार आहे. मला वाटलं, संपलं. पण कंपनी अपिलात गेली आणि पैसे अडकले. मालकानं मात्र निकालाच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांना कॅन धुवायच्या कामावरूनही काढून टाकलं. कोर्टात गेलेली बाई नको, म्हणे.

अपील पडून राहिलं. मधे मी निवृत्त झालो. कालिंदाबाईंच्या सासूबाई गेल्या. मुलीची दहावी झाली, बारावी झाली. लोक म्हणतात न्यायाला वेळ लागतोच. वेळ कुणाचा लागतो, हे कुणी बोलत नाही. विमा कंपनीत त्या केसच्या टेबलावर दोन-तीन साहेब बदलून गेले असतील, प्रत्येकाला पगार मिळाला असेल. इकडं एक बाई आपलं वय खर्च करत होती. कंपनीकडून तडजोडीचा निरोप दोनदा आला होता, निम्म्यावर मिटवा म्हणून. कालिंदाबाईंच्या वकिलानं मला फोन करून विचारलं, काय सांगू? मी म्हणालो, त्यांनाच विचारा. कालिंदाबाईंनी दोन्ही वेळा नाही म्हणून कळवलं.

अखेर अपील फेटाळलं गेलं आणि पैसे व्याजासकट मिळाले. मला फोनवर कळलं तेव्हा मी पुन्हा एकदा त्या गावी गेलो. दारात दोन म्हशी बांधलेल्या होत्या, नव्या घेतलेल्या. मुलगी नर्सिंगला गेली होती. कालिंदाबाईंनी चटई टाकली, चहा केला. चहा गाळताना पातेलं डाव्या हातानं धरायची सवय आता पक्की झाली होती.

मी म्हणालो, "जिंकलात, कालिंदाबाई. आता तरी समाधान वाटतं ना?"

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"पैशाचं बरं झालं साहेब, खोटं कशाला बोलू. पोरगी शिकंल. हाताचंबी आता वाईट वाटत न्हाय. मशिनीनं मोडला. तिला काय डोळं हायेत का, तिच्यावर काय राग धरायचा?" मग त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "पर ही शिकलेली मान्सं साहेब! सहा वर्सं मला खोटी म्हनत व्हती. माझा हात त्यांच्यापुढं टेबलावर ठिवलेला व्हता, तरी म्हनत व्हती. पान्याला जाताना मी मागं वळून बघत व्हते, कुनी फोटू काढतंय का म्हनून. आपल्याच गावात. आपल्याच नळावर."

मग त्या पदरानं तोंड पुसून उठल्या आणि म्हशींना पाणी दाखवायला बाहेर गेल्या. मी दारातून बघत होतो. नळ शेजारीच होता. बादली भरेपर्यंत त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं.